पस्तीस ते पंचेचाळीस

माझा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हा पाय राहिला आणि त्यातला जोर गेला. पट्ट्यांचा बूट आणि हातात आखूड काठी एवढ्यावर मी घरात, कचेरीत, बाजारात व्यवस्थित फिरते. पण चालवायला मला लागते ती आपोआप गिअर बदलणारी गाडी, जिच्यात डाव्या पायाला काही कामच नसतं. अशी एक गाडी मी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली, तीही कोणीतरी वापरलेलीच. त्याआधीचं सगळं आयुष्य मागच्या सीटवर गेलं. वडिलांची सायकल, मग धाकट्या भावाची स्कूटर, मग महिन्याने ठरवलेला ऑटो. कोणी कधी वाईट वागलं नाही. पण कुठंही जायचं म्हटलं की आधी कोणाला तरी विचारावं लागायचं, आणि विचारायचा मला मनापासून कंटाळा आहे.

गाडी आली त्या दिवशी आईने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि माझी कॉलेजातली लाकडी कुबडी जुन्या लुगड्यात गुंडाळून डिक्कीत टाकली.

"ही कशाले?" मी विचारलं.

"असू दे वं. गाडीच आहे, बंद बी पडते."

मी ती काढून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत डिक्कीत होती. असं काही वेळा झाल्यावर मी नाद सोडला. प्रत्येक गतिरोधकावर ती मागे खडखडायची आणि मला दर वेळी आठवण द्यायची की घरातल्या एका माणसाचा या गाडीवर विश्वास नाही. गाडीवर की माझ्यावर, हे मी आईला कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही.

एका होळीच्या सुमारास गाडी वेगळी वागायला लागली. गिअरचा दांडा पुढे जायच्या 'डी'वर टाकला की ती लगेच निघायची नाही. कचेरीतल्या कारकुनासारखं आधी ऐकून घ्यायची, थोडा वेळ गप्प बसायची आणि मग एकदम दचकून उठायची. मी स्वतः कारकून असल्यामुळे हे म्हणायचा मला अधिकार आहे. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला.

"मॅडम, गिअरबॉक्स गेला. आटोमॅटिकले इकडं कोणी हात नाही लावत. भंगारात द्या, नाहीतर दिल्लीहून जुना मागवा."

"तेल बदलून पाहिलं तर?"

"याचं तेल बदलत नसतात. जन्मभराचं असते ते. आणि जुन्या डब्यात नवं तेल टाकलं न, तर जे चालून राहिलं तेही बंद होते."

जन्मभराचं म्हणजे कोणाच्या जन्मभराचं, हे काही त्याने सांगितलं नाही. माझ्या गाडीचं वय पाहता कंपनीच्या लेखी तिचा जन्म कधीच आटोपला असावा.

भाऊ बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात आहे. रविवारी तो आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं, आणि ती माझी चूक झाली.

"ताई, काहून जिद्द करून राहिली? विकून टाक. नंतर माही जुनी गाडी घे, ड्रायव्हर ठेवू एक. आरामात मागं बसशील."

तो मायेनेच बोलला. पण 'मागं बसशील' हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले. आपोआप गिअरची नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावं लागलं असतं, आणि निवृत्ती तोंडावर आलेली असताना मला ते नको होतं. म्हणजे ही गाडी गेली की माझं आपल्या मर्जीने जाणं-येणं गेलं. मी भावाला म्हटलं, आधी तेल बदलून पाहते. तो म्हणाला, कोण बदलणार? मी म्हटलं, मी.

गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी छापून आणलं आणि कचेरीतली फाइल वाचतात तसं ते पहिल्या पानापासून वाचलं. काम वाचायला अवघड नव्हतं. खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडायचं, तळाची परात उतरवून धुवायची, जाळी बदलायची, परात पुन्हा बसवायची आणि वरून नळीने नवं तेल ओतायचं. तेल मोजायला या गाडीला काडी नाही. त्याऐवजी परातीच्या बाजूला तपासणीचा एक छोटा बोल्ट आहे. इंजिन चालू ठेवून तो उघडायचा. जास्तीचं तेल त्यातून वाहून जातं, धार बारीक झाली की बोल्ट बंद करायचा, आत उरलं ते बरोबर. एकच अट होती: त्या वेळी गिअरबॉक्समधलं तेल पस्तीस ते पंचेचाळीस अंश असलं पाहिजे.

जॅक लावून गाडीखाली शिरणं मला शक्य नाही. शिरता येईल, बाहेर येता येणार नाही. पण आमच्या पोर्चखाली पाण्याचं जुनं टाकं आहे, लांबट, वर फरश्या टाकलेल्या. गळायला लागल्यापासून ते कोरडंच पडलं होतं. गॅरेजात खड्डा असतो तसा खड्डा माझ्या दारात तयार होता. फरश्या बाजूला केल्या, भावाला गाडी दोन चाकं इकडे, दोन तिकडे अशी उभी करायला लावली, मागचं तोंड फाटकाबाहेर ठेवलं, म्हणजे धूर रस्त्यावर जाईल. लोखंडी शिडीवरून मी हातांच्या जोरावर खाली उतरते. आत प्लास्टिकचं स्टूल टाकून बसलं की गिअरबॉक्स बरोबर डोक्यावर येतो.

वेळ निवडली मे महिन्यातल्या दुपारची. त्याला कारण आमची गल्ली. बॉनेट उघडलं की आमच्याकडे माणसं उगवतात. कोणी पेन्शनीत गेलेला, कोणी भाजी आणायला निघालेला, आणि प्रत्येकाच्या मेव्हण्याचं कुठंतरी गॅरेज असतं. त्यात पाना बाईच्या हातात असला तर विचारूच नका. मे महिन्यात दुपारी मात्र नागपुरात चिटपाखरू दिसत नाही. दारं बंद, पडदे ओढलेले, सगळे आपापल्या कूलरसमोर आडवे. मला तेच हवं होतं.

पहिला भाग छान झाला. जुनं तेल निघालं ते काळंकुट्ट, जळक्या वासाचं. परातीत लोहचुंबक असतात, त्यांना काय चिकटलंय ते पाहायचं असतं. धातूचे तुकडे असतील तर सगळं संपलं, बारीक पूड असेल तर घाबरायचं कारण नाही, असं पुस्तकात होतं. मी चुंबकावरून बोट फिरवलं. काजळासारखी मऊ राखाडी पूड होती, एकही तुकडा नव्हता. त्या टाक्यात, घामाने निथळत, मी एकटीच हसले. गॅरेजवाला खोटा पडला होता आणि ते पाहायला कोणी नव्हतं.

नवं तेल लालभडक असतं. ते ओतलं, इंजिन सुरू केलं, दांडा सगळ्या जागांवरून फिरवून आणला, आणि खाली उतरून तपासणीच्या बोल्टला पाना लावला. तेलाचं तापमान मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्याची मला गरजही वाटली नाही. सकाळच्या पेपरात पारा शेहेचाळीसवर गेल्याचं छापून आलं होतं. पस्तीस ते पंचेचाळीस ही अट ज्यांनी लिहिली त्यांच्या गावी तेवढं तापमान मुद्दाम आणावं लागत असेल. आमच्याकडे ते दारात उभं असतं. एखादा अंश इकडेतिकडे, असं म्हणून मी बोल्ट फिरवला. तेल भरभरून वाहिलं. धार बारीक झाल्यावर मी बोल्ट घट्ट केला आणि वाहून आलेलं तेल काचेच्या बरणीत भरून स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं. आईला ते सरबत वाटलं. मी वेळेवर पोहोचले.

गल्लीत गाडी झकास चालली. दांडा 'डी'वर टाकला की लगेच निघायची, दचकणं नाही. मी आईला म्हटलं, चल, उद्या भिवापूरला जाऊ. तिकडे आमचं थोडं शेत आहे, बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेलं, आणि वर्षाचं तिखट तिथल्याच मिरचीचं करायचं हा आईचा नेम आहे. लोणच्यासाठी कैऱ्या फोडून मिठात टाकल्या होत्या, तिखटावाचून सगळं अडलं होतं. आई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर बसली आणि आम्ही उमरेड रोडला लागण्यासाठी निघालो.

सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावर गाडीने दगा दिला. चढ लागला, मी पाय दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी मात्र जागची हलेना. आणखी दाबलं तर आणखी ओरडलं. मागे हॉर्न सुरू झाले. पोरं, ऑटोवाले, स्कूटरवाले, सगळे गोळा झाले.

"मॅडम, न्यूट्रल करा, आम्ही ढकलतो."

"उतरू नका मॅडम, बसून राहा."

मी बसून राहिले. पाच-सहा माणसांनी मला गाडीसकट कडेला ढकललं. ते चांगलं काम करत होते आणि मला त्या सगळ्यांचा राग आला. पुलाच्या उतारावर आखूड काठी पुरत नाही. आई मागच्या मागे उतरली, तिने डिक्की उघडली, लुगडं सोडलं आणि माझ्या खिडकीशी येऊन कुबडी पुढे केली.

"घे वं."

एवढंच बोलली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी कुबडी काखेत धरली आणि सगळ्या गर्दीसमोर पूल उतरले. त्या दिवसाइतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, शाळेतही नाही.

भावाने गाडी ओढून आणवली आणि एक गिऱ्हाईकही शोधलं. भंगारवाला नव्हता, सुट्या भागांसाठी जुन्या गाड्या घेणारा होता. तो रविवारी सकाळी येणार होता. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? जे चालू होतं ते मीच बंद पाडलं होतं. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं तसंच.

कैऱ्या थांबणाऱ्या नव्हत्या. आईने नाइलाजाने दुकानातलं पाकिटाचं तिखट आणलं आणि त्याला नावं ठेवत लोणचं घातलं. तेल तापवलं, पण ते पुरतं निवायच्या आत बरणीत ओतलं, कारण मन त्या लोणच्यात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तिने बरणीचं फडकं सोडलं आणि मला हाक मारली.

"पाहय वं. काल फोडी बुडून वर बोटभर तेल होतं. निवलं तर खाली बसलं. मसाल्यानं बी पिलं असंन, पण मीच गरम ओतलं न. गरम असलं की तेल जास्तीचं दिसते. आण अजून डब्यातलं."

मी तेलाचा डबा उचलला आणि तिथंच उभी राहिले.

"काहून? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावरची लाल तेलाची बरणी होती. ती इतकी भरली कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. दुपारी पोर्चमध्ये हवाच शेहेचाळीसची, खालची फरशी त्याहून तापलेली. गाडी सकाळपासून तिथं उभी, म्हणजे तेल सुरुवातीलाच पंचेचाळीसच्या वर. त्यात इंजिन चालू केलं. मी बोल्ट उघडला तेव्हा ते साठीच्या घरात असणार. फुगलेलं तेल जास्तीचं म्हणून वाहून गेलं आणि निवल्यावर आत उरलं ते कमी पडलं. सपाट गल्लीत तेवढ्यावर भागलं. चढावर तेल मागे सरकलं आणि गिअरबॉक्सने हवा ओढली. तो गेला नव्हता, उपाशी होता. नागपूरच्या उन्हाचा एवढा अभिमान मी कधी बाळगायला नको होता.

आता अडचण अशी की मे महिन्यात आमच्याकडे थंड वेळ एकच, उजाडतानाची. आणि उजाडताना सगळी गल्ली बाहेर असते. कोणी फिरायला निघालेलं, कोणी अंगणात सडा मारत असतं, कोणी पाइप घेऊन झाडांना पाणी देत असतं. ज्यांना चुकवायला मी भर दुपारी टाक्यात उतरले होते, त्या सगळ्यांच्या देखत आता मला उतरायचं होतं.

रविवारी उजाडायच्या बेताला भाऊ आला. गिऱ्हाईक यायच्या आत एकदा पाहू दे, असं मी त्याला फोनवर म्हटलं होतं. तो कुरकुरला, पण आला. मी त्याला हॉलमधला कूलर बाहेर काढायला लावला.

"गाडीले कूलर?"

"हो. टाकी पूर्ण भर आणि तोंड खालच्या बाजूला ठेव."

तेल हळू तापावं आणि मला खाली ताजी हवा मिळावी, असा दुहेरी बेत होता. ओल्या वाळ्याचा वास टाक्यात उतरला. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर मी तेलाच्या परातीला चिकटपट्टीने नीट बांधला. तो बेचाळीसपर्यंतचं दाखवतो, माझ्या कामाला तेवढं पुरेसं होतं. भावाने इंजिन सुरू केलं आणि ब्रेकवर पाय ठेवून दांडा फिरवला. मी बरणीतलं थोडं लाल तेल वरून आत ओतून घेतलं आणि खाली जाऊन स्टुलावर बसले.

माणसं जमलीच. मला वरून फक्त चपला दिसत होत्या.

"ताईंनं गाडीले कूलर लावला का गा?"

"माह्या मेव्हण्याचं गॅरेज आहे, तिथं नेता न आलं असतं."

"अहो, आटोमॅटिकले कोणी हात नाही लावत."

मी थर्मामीटरवरचा आकडा पाहत राहिले. आई फाटकापाशी उभी होती. तिने वाकून आत पाहिलं.

"तेच ताप पाहाचं आहे का वं?"

"हो."

"किती आहे?"

"सदतीस."

"मंग काही नाही," आई म्हणाली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "ताप नाही तिले."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यात माझा राग थोडा उतरला, हे खरं आहे. अडतीस झालं तेव्हा मी बोल्ट उघडला. आधी काहीच आलं नाही. मी भावाला सांगून वरून बरणीतलं आणखी तेल ओतवलं, मग धार आली, मग ती बारीक झाली, मग थेंब पडायला लागले. मी बोल्ट घट्ट केला. बरणी जवळजवळ रिकामी झाली होती. जे मी त्या दुपारी वाहू दिलं होतं, ते बहुतेक सगळं परत आत गेलं.

गिऱ्हाईक आलं तेव्हा भावाने त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही आणि मीही त्याचे आभार मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही.

पण सपाट गल्लीत गाडी मागच्या वेळीही चालली होती. खरं काय ते पूलच सांगणार होता. दोन दिवसांनी मी आईला म्हटलं, भिवापूरला जायचं का? मला वाटलं, ती भावाला घेऊन जाऊ म्हणेल. ती नुसतं "चाल" म्हणाली आणि मी तेल-पाणी पाहीपर्यंत पोर्चमध्ये काहीतरी उचलठेव करत राहिली.

सक्करदऱ्याच्या पुलाच्या पायथ्याशी मी वेग कमी केला. मला भीती वाटत होती, आणि ती गाडी बंद पडायची नव्हती. पुन्हा त्या सगळ्यांनी मला बसल्या जागी ढकलण्याची होती. मी मनाशी म्हटलं, जास्तीत जास्त काय होईल, डिक्कीत कुबडी आहे, काखेत धरू आणि उतरू. इतकी वर्षं जिच्यावर मी चिडले, तिचाच मला त्या क्षणी आधार वाटला. मग मी पाय दाबला. सगळे कान इंजिनाकडे लावले होते. आवाज वाढला आणि त्याच्यासोबत गाडीही वर निघाली, सरळ, न ओरडता, आणि आम्ही पूल ओलांडून पलीकडे उतरलो तरी मी बराच वेळ दात आवळूनच बसले होते.

शेतावर बटईवाल्याने मिरच्यांचं पोतं आणून ठेवलं. मी डिक्की उघडली. आत झाडून पुसून स्वच्छ केलं होतं. कुबडी नव्हती. लुगडं तेवढं चौघडी घालून तळाशी अंथरलेलं होतं, पोत्यासाठी.

"आई, कुबडी कुठं गेली?"

"तोंडलीच्या मांडवाले लावली. टेकू पाहिजे होता."

"कवा?"

"आज सकाळी. निघाच्या आधी," आई म्हणाली, आणि बटईवाल्याला पोतं आडवं ठेवायला सांगू लागली.